डीव्ही लॉटरी आणि कॅरिबियनची शाळा: अर्जाआधी शिक्षणाचा कागद कसा तपासायचा

डीव्ही म्हणजे ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ लॉटरी: नाव निघालं आणि अटी पुऱ्या झाल्या तर अमेरिकेत कायमचं राहण्याचा व्हिसा. तिच्याबद्दल विचारणारे बहुतेक जण फोटोपासून सुरुवात करतात. चष्मा चालतो का, मागचा पडदा पांढराच हवा का, मोबाइलवर काढलेला फोटो चालेल का. शिक्षणाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि तोही ‘शाळा झालीय, चालेल ना?’ एवढाच. कॅरिबियनमध्ये जन्मलेल्या माणसाने हा क्रम उलटा करावा. तिथली शाळा ब्रिटिश वळणाची, इयत्तांची नावं वेगळी आणि काही सर्टिफिकेटांची नावं तर सरळ फसवी. ऑनलाइन नोंदणी करताना यातलं काहीच कुणी तपासत नाही. तपासणी होते ती वर्ष-दीड वर्षाने, मुलाखतीच्या खिडकीपाशी, माणशी ३३० डॉलर भरून झाल्यावर. तिथे नकार आला तर ते पैसे परत मिळत नाहीत.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. भारतात जन्मलेल्यांना ही लॉटरी बंद आहे, हे खरं. पण इथे पाहतात तो जन्माचा देश, नागरिकत्व नव्हे. १९८९ मध्ये मित्तल समूहाने त्रिनिदादमधला पॉइंट लिसासचा पोलाद कारखाना चालवायला घेतला आणि भारतातले अभियंते तिकडे गेले. डॉक्टर, प्राध्यापक, हिशेबनीस तर वेगवेगळ्या बेटांवर आधीपासून जात आलेत. त्या काळात तिथे जन्मलेली आणि नंतर पुण्या-मुंबईत वाढलेली मुलं कागदोपत्री त्रिनिदादची किंवा बार्बाडोसची ठरतात, पासपोर्ट भारतीय असला तरी. तिथल्या माणसाशी लग्न केलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. ती पुढे येते.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हा कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे अर्ज, फी किंवा वैद्यकीय तपासणीवर एक रुपयाही घालण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती वाचा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ नसेल तर ते पान बंद करा. कागदांची जुळवाजुळव मात्र आत्ताच करून ठेवायला हरकत नाही, कारण खरा वेळ त्यातच जातो.

पायरी पहिली: जन्माचा देश यादीत आहे का

ही लॉटरी १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आली. वर्षाला जास्तीत जास्त ५५ हजार व्हिसा, त्यातले काही दुसऱ्या योजनांसाठी बाजूला काढलेले. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक अमेरिकेत कायमचे स्थायिक झाले, त्या देशाचं नाव यादीतून गळतं. म्हणूनच जमैका, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक कित्येक वर्षं बाहेर आहेत. डीव्ही-२०२६ साठी क्यूबाही बाहेर गेला. त्रिनिदाद आणि टोबॅगो, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, गयाना, सुरिनाम हे आजवर पात्र राहिलेले देश. गयाना आणि सुरिनाम दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर असले तरी या लॉटरीत दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन हा एकच विभाग आहे. बहामाज मात्र या लॉटरीच्या हिशेबात उत्तर अमेरिकेत मोडतं. यादी दरवर्षी नव्याने निघते, म्हणून मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

भारतातले काही सल्लागार ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट किट्सचे पैसे भरून मिळणारे पासपोर्ट विकताना ‘यावर अमेरिकेची लॉटरीही भरता येते’ असं सांगतात. येत नाही. विकत घेतलेल्या पासपोर्टने जन्माचा देश बदलत नाही.

दोन सवलती मात्र खऱ्या आहेत. पहिली, आई किंवा वडिलांच्या जन्मदेशाची. तुमचा जन्म अपात्र देशात झाला, पण आईवडिलांपैकी कुणीही त्या देशात जन्मलेलं नव्हतं आणि तुमच्या जन्माच्या वेळी तिथलं रहिवासीही नव्हतं, तर दोघांपैकी एकाचा जन्मदेश लावता येतो. दुसरी सवलत नवरा-बायकोची: जोडीदाराच्या जन्मदेशावर तुम्ही अर्ज करू शकता. अट एवढीच की दोघांची नावं अर्जात हवीत, दोघांनाही व्हिसा मिळायला हवा आणि अमेरिकेत पहिलं पाऊल दोघांनी बरोबरच टाकायला हवं.

या दुसऱ्या सवलतीचा शिक्षणाशी थेट संबंध आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला आहे. जोडीदाराला नाही, मुलांना नाही. समजा, नवरा त्रिनिदादमध्ये जन्मलेला, तिसऱ्या फॉर्मनंतर, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षानंतर, शाळा सोडून सॅन फर्नांडोला ‘डबल्स’ या तिथल्या खाऊची गाडी लावणारा. बायको कोल्हापूरची, बी.एस्सी. झालेली. नवरा मुख्य अर्जदार झाला तर जन्मदेश पात्र, पण शिक्षण अपुरं. बायको मुख्य अर्जदार झाली तर शिक्षण तिचं आणि जन्मदेश नवऱ्याचा. घर तेच, जोडपं तेच, निकाल मात्र वेगळा. दोघं शिकलेले असतील तर दोघांनी आपापला स्वतंत्र अर्ज भरावा आणि एकमेकांचं नाव त्यात घालावं. त्यालाही मुभा आहे. एकाच माणसाने दोन अर्ज भरले तर मात्र त्याचे दोन्ही बाद.

पायरी दुसरी: नियम नेमका काय मागतो

दोनपैकी एक गोष्ट हवी. एक तर माध्यमिक शाळेचं पूर्ण शिक्षण, म्हणजे प्राथमिक आणि माध्यमिक मिळून बारा वर्षांचा औपचारिक अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केलेला. नाही तर मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा कामाचा अनुभव, आणि तोही अशा व्यवसायातला की ज्यात शिरायलाच किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. दोन्ही असण्याची गरज नाही. शिक्षण पुरेसं असेल तर नोकरी कसली आहे, आहे की नाही, हे या अटीपुरतं कुणी विचारत नाही.

या नियमात ‘औपचारिक’ आणि ‘यशस्वीपणे’ हे दोन शब्द बारा या आकड्याइतकेच जड आहेत. बारा वर्षं शाळेत गेलो पण शेवटची परीक्षा दिली नाही, हे चालत नाही. घरी बसून किंवा पत्राद्वारे मिळवलेल्या समकक्ष प्रमाणपत्राने शाळा भरून निघत नाही. अमेरिकेतलं जीईडी, म्हणजे शाळा पुरी न केलेल्यांसाठीचं समकक्ष प्रमाणपत्र, तेसुद्धा इथे बाद ठरतं. एखाद्या अमेरिकी कॉलेजला जीईडी चालतं म्हणून व्हिसा अधिकाऱ्याला चालेल, असं समजू नका.

आणि बारा हा आकडा तरी किती पक्का? देशोदेशीच्या शाळा वेगळ्या आहेत हे अमेरिकी परराष्ट्र खात्यालाही ठाऊक आहे. कुणी बारापेक्षा कमी वर्षांत पात्र ठरू शकतो आणि कुणी बाराहून जास्त वर्षं शिकूनही अपात्र. अधिकाऱ्यांच्या हस्तपुस्तिकेचा रोख असा की शिक्षण अमेरिकेतल्या बारा वर्षांच्या शाळेच्या तोडीचं असावं आणि त्या जोरावर, मध्ये आणखी काही न शिकता, कॉलेजप्रवेशाचा अर्ज करता यावा. ही कसोटी डोक्यात ठेवली की पुढचा बराच गोंधळ मिटतो.

पायरी तिसरी: वर्षं मोजा, पण तिथल्या मापाने

मराठी वाचकाची इथे हमखास गफलत होते. पाचव्या फॉर्मची परीक्षा, सोळाव्या-सतराव्या वर्षी, मागे ओ-लेव्हल या ब्रिटिश शालेय परीक्षेचा वारसा. म्हणजे ही आपली दहावीच झाली, असं आपण धरून चालतो. मग त्यापुढचा सहावा फॉर्म म्हणजे अकरावी-बारावी. दिसायला हिशेब बरोबर, पण वर्षं मोजली की वेगळंच निघतं.

त्रिनिदादचं पाहा. मूल पाचव्या वर्षी शाळेत जातं ते ‘फर्स्ट इयर इन्फंट्स’मध्ये. मग ‘सेकंड इयर इन्फंट्स’. त्यानंतर स्टँडर्ड वन ते फाइव्ह. ही झाली प्राथमिकची सात वर्षं. शेवटी एसईए नावाची प्रवेश परीक्षा, जिच्यावर कोणती माध्यमिक शाळा मिळणार ते ठरतं आणि जिच्यामुळे तिथल्या घराघरांत आपल्याकडच्या बारावीला शोभेल असा ताण असतो. पुढे फॉर्म वन ते फॉर्म फाइव्ह, पाच वर्षं. सात आणि पाच बारा. म्हणजे पाचव्या फॉर्मअखेर बारा वर्षांची शाळा तिथे पूर्ण झालेली असते. सहावा फॉर्म, लोअर आणि अप्पर, हा त्यावरचा दोन वर्षांचा मजला. तो असला तर काम सोपं होतं, पण नसला म्हणून अर्ज फेटाळला जावा असं काही नाही.

गयानामध्ये नर्सरी वगळली तर प्राथमिकची सहा वर्षं आणि माध्यमिकची पाच, म्हणजे सातवी ते अकरावी इयत्ता. बेरीज अकरा. पण शेवटची परीक्षा त्रिनिदादच्या मुलांनी दिलेली तीच. इथे बोटं मोजून घाबरण्यापेक्षा परीक्षेचा निकाल कसा आहे ते पाहावं, कारण कॉलेजचं दार त्या निकालानेच उघडतं. जॉर्जटाउनच्या अमेरिकी दूतावासाच्या सूचना मात्र जरूर वाचाव्यात, कारण तिथल्या अर्जदारांच्या कागदांची पडताळणी तिथेच होते.

सुरिनाम या सगळ्यापासून अलग आहे. तिथली शाळा डच वळणाची. प्राथमिकनंतर बरीच मुलं चार वर्षांचं ‘मुलो’ करतात आणि कित्येक जण त्यावर नोकरीला लागतात. मुलोच्या सर्टिफिकेटवर विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. त्यासाठी पुढचं ‘व्हीडब्ल्यूओ’ करावं लागतं. म्हणून ज्यांच्याकडे फक्त मुलो आहे त्यांनी शिक्षणाच्या रस्त्यावर भरवसा ठेवून फी भरू नये, असं माझं मत. डच कागद इंग्रजीभाषक देशातल्या दूतावासात दाखवायचा असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं.

जन्म तिकडचा आणि शाळा महाराष्ट्रातली, अशांचं गणित सगळ्यात सरळ. बारावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट आणि गुणपत्रक असेल तर बारा वर्षं स्वच्छ दिसतात. नुसत्या दहावीवर भागत नाही. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांनी हे लक्षात घ्यावं की व्यवसाय प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट शाळेच्या जागी धरत नाहीत. आणि शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हे. तो घेऊन गेलात तर अधिकारी शांतपणे बोर्डाचं सर्टिफिकेट मागेल. यांची मुलाखत सहसा राहत्या देशातल्या अमेरिकी वकिलातीत होते, त्यासाठी बेटावर जावं लागत नाही.

पायरी चौथी: सीएक्ससीचं सर्टिफिकेट नीट वाचा

कॅरिबियन एक्झामिनेशन्स काउन्सिल, म्हणजे सीएक्ससी, ही इंग्रजीभाषक कॅरिबियन देशांची सामायिक परीक्षा संस्था. १९७२ मध्ये स्थापना, मुख्यालय बार्बाडोसला. पाचव्या फॉर्मच्या परीक्षेचं अधिकृत नाव सीएसईसी, आणि ती १९७९ पासून होते. लोक मात्र परीक्षेलाही सीएक्ससीच म्हणतात: ‘तुझे सीएक्ससी किती?’ म्हणजे किती विषय सुटले. सहाव्या फॉर्मची परीक्षा केप, ती १९९८ मध्ये आली. सीएसईसीच्या आधीच्या पिढीकडे केंब्रिज किंवा लंडनची जीसीई ओ-लेव्हल सर्टिफिकेटं असतात आणि तीही तेवढीच खरी.

सर्टिफिकेट हातात घेतलं की तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, श्रेणी. १ ते ६ अशा श्रेणी असतात. त्यातल्या १, २ आणि ३ पास धरल्या जातात. यात एक खाच आहे: तिसरी श्रेणी पास धरायला सुरुवात झाली १९९८ मध्ये. त्याआधी श्रेणी पाचच होत्या आणि ओ-लेव्हलच्या तोडीच्या फक्त पहिल्या दोन मानल्या जात. म्हणजे १९९२ च्या सर्टिफिकेटवरची तिसरी श्रेणी आणि २००२ च्या सर्टिफिकेटवरची तिसरी श्रेणी यांचं वजन सारखं नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या अर्जदारांनी आपलं जुनं सर्टिफिकेट या नजरेने पुन्हा वाचावं.

दुसरी, पातळी. विषयापुढे ‘जनरल’ किंवा ‘टेक्निकल’ लिहिलेलं असेल तर ठीक. जुन्या सर्टिफिकेटांवर ‘बेसिक’ अशीही एक पातळी दिसते. ती खालची होती आणि पुढे बंद झाली. बेसिकचे विषय सुटलेल्या विषयांत मोजून खूश होऊ नका.

तिसरी गोष्ट विषयांची संख्या. अमेरिकी नियमात ‘पाच विषय’ असा आकडा लिहिलेला नाही. पण तिथल्या कॉलेजांत, बँकांत, सरकारी खात्यांत इंग्रजी आणि गणितासह पाच विषय ही रुळलेली कसोटी आहे, आणि ‘यावर पुढचं शिक्षण घेता येतं का’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यातूनच मिळतं. पाच आहेत आणि त्यात गणित-इंग्रजी आहेत, तर निर्धास्तपणे पुढे जा. तीन-चारच असतील, किंवा पाच आहेत पण गणित राहिलंय, तर मी फी भरण्याआधी राहिलेला विषय सोडवायला सांगेन. वेगवेगळ्या वर्षी सुटलेले विषय एकत्र मांडता येतात. जानेवारीत बाहेरून बसणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षाही असते.

फॉर्म थ्रीनंतर शाळा सोडून पुढे संध्याकाळच्या ‘लेसन्स’ना जाऊन विषय सोडवलेल्यांनी मात्र जपून राहावं. निकाल खणखणीत असला तरी ‘औपचारिक शाळा किती झाली’ हा प्रश्न येऊ शकतो. शाळेत कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होतो, नंतर शिकवणी कुठे घेतली, याचे कागद जवळ हवेत. निर्णय अधिकाऱ्याचा असतो, म्हणून त्याला विचार करायला पुरेसे कागद आपणच पुरवायचे.

जे कागद चालत नाहीत

‘प्रायमरी स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’ हा यातला सगळ्यात मोठा खड्डा. जुन्या पिढीतल्या कित्येकांकडे ते फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं. नावात ‘लीव्हिंग’ असल्यामुळे शाळा संपल्याचं वाटतं, पण ते प्राथमिक पातळीचं आहे. सीसीएसएलसी हे सीएक्ससीनेच २००७ मध्ये आणलेलं माध्यमिक क्षमतेचं सर्टिफिकेट. तेही सीएसईसीच्या खालचं. सीव्हीक्यू ही व्यवसाय कौशल्याची पात्रता: वेल्डिंग, स्वयंपाक, वीजकाम. नोकरीला उत्तम, शाळेच्या जागी नाही. मुख्याध्यापकांनी दिलेलं ‘अमुक विद्यार्थी पाचव्या फॉर्मपर्यंत होता’ हे पत्र जोडायला चांगलं, एकटं निरुपयोगी. आणि इंटरनेटवर आठवड्याभरात ‘हायस्कूल डिप्लोमा’ देणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं?

पायरी पाचवी: शाळा अपुरी असेल तर कामाचा रस्ता

हा रस्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच अरुंद आहे. अमेरिकी कामगार खात्याचा ‘ओ-नेट’ नावाचा व्यवसायकोश इंटरनेटवर खुला आहे. त्यात प्रत्येक व्यवसायाला १ ते ५ असा एक ‘जॉब झोन’ आणि तयारीला लागणाऱ्या वेळेचा ‘एसव्हीपी’ नावाचा अंक दिलेला असतो. लॉटरीसाठी झोन ४ किंवा ५ आणि एसव्हीपी ७.० किंवा त्याहून वर असलेलाच व्यवसाय चालतो.

आता गंमत बघा. माध्यमिक शिक्षक, हिशेबतपासनीस, सिव्हिल इंजिनियर, सॉफ्टवेअर डेव्हलपर हे झोन ४ मधले. पण ज्यांच्याकडे असे हुद्दे आहेत ते बहुधा शाळा-कॉलेज करूनच तिथे पोचलेले असतात. त्यांना हा रस्ता लागतच नाही. ज्यांना तो लागतो, म्हणजे शाळा अर्धी सोडून हातात कसब कमावलेले लोक, त्यांचे व्यवसाय झोन ३ मध्ये थांबतात. इलेक्ट्रिशियन झोन ३. प्लंबर झोन ३. गाड्यांचा मेकॅनिक झोन ३. पंधरा वर्षं वायरिंग केलेला, हाताखाली चार पोरं तयार केलेला माणूसही या हिशेबात अपात्र. मला हे अन्यायाचं वाटतं, पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याशी यावर वाद घालून उपयोग नाही. त्याच्यापुढे कोशच उघडलेला असतो.

तरीही आपला व्यवसाय शोधून पाहा, कारण हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचं. ज्याला सगळे ‘फोरमन’ म्हणतात तो खरं तर बांधकामाचं अंदाजपत्रक, माणसं, माल आणि वेळापत्रक सगळं सांभाळत असेल, तर ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजर’ या झोन ४ च्या वर्णनात तो बसू शकतो. पण मग मालकाच्या पत्रात ही कामं सविस्तर हवीत, तारखांसकट. आणि ती खरी हवीत. पगाराच्या पावत्या, राष्ट्रीय विमा म्हणजे एनआयएसच्या वर्गणीचा उतारा, त्रिनिदादमध्ये असाल तर टीडी-४, म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हे त्या पत्राच्या जोडीला. रोखीने पगार घेतलेल्यांचं इथेच अडतं, कारण दोन वर्षं काम केलं हे दाखवणारं काहीच हातात नसतं. लक्षात ठेवा, दोन वर्षं मोजायची ती मागच्या पाच वर्षांतली. २०१० मधला अनुभव कितीही मोठा असला तरी धरत नाहीत.

पायरी सहावी: फॉर्ममधला शिक्षणाचा प्रश्न

ऑनलाइन नोंदणीत कागद जोडायचे नसतात. फक्त एक प्रश्न असतो: सर्वोच्च शिक्षण कोणतं? केवळ प्राथमिकपासून डॉक्टरेटपर्यंत दहा पर्याय. त्यात ‘काही माध्यमिक शिक्षण, डिप्लोमा नाही’, ‘हायस्कूल डिप्लोमा’ आणि ‘व्होकेशनल स्कूल’ हे तीन अगदी शेजारीशेजारी. पाचवा फॉर्म पुरा करून सीएसईसीचे विषय सुटलेले असतील तर ‘हायस्कूल डिप्लोमा’. त्यानंतर तांत्रिक कोर्स केला म्हणून ‘व्होकेशनल’वर टिचकी मारायची घाई नको, पुढे मुलाखतीत शाळा कुठे गेली असा प्रश्न उगाच ओढवून घ्याल. आणि जे नाही ते लिहू नका. इथे लिहिलेलं उत्तर, नाव निघाल्यावर भरायचा डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज आणि मुलाखतीतले कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले जातात.

नोंदणीला बरीच वर्षं पैसे पडत नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमाने १ डॉलर शुल्क आलं. त्यापलीकडे कुणी ‘नाव काढून देतो’ म्हणून मागत असेल तर तो त्याचा धंदा आहे. नाव निघालं की नाही हे फक्त अधिकृत संकेतस्थळावर आपला नोंदणी क्रमांक टाकूनच कळतं, तेव्हा तो क्रमांक एजंटाकडे नाही, स्वतःकडे ठेवा.

पायरी सातवी: कागद आणि कॅलेंडर

नाव निघणं म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा ५५ हजार, पण नावं लाखाच्या वर काढली जातात. आणि वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. त्या रात्रीनंतर त्या वर्षाचा व्हिसा कुणालाच मिळत नाही, कागद पोस्टात असला तरी.

शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ही तारीख फार आवळून बसते. सीएसईसीची परीक्षा मे-जूनमध्ये होते, निकाल ऑगस्टमध्ये लागतो. समजा मुलाखत जुलैत आली, तर निकाल हातात नाही. निकालानंतरची तारीख मिळाली तर उरतात जेमतेम पाच-सहा आठवडे. अशा मुलांनी जमलं तर परीक्षा झाल्यानंतरच्या नोंदणीची वाट पाहावी.

जुनं सर्टिफिकेट हरवलं असेल तर शाळेच्या कचेरीत चकरा मारण्याआधी सीएक्ससीकडे पाहा. ग्रेनाडात २००४ मध्ये आयव्हन आणि डॉमिनिकात २०१७ मध्ये मारिया या चक्रीवादळांनी घरं-शाळा उडवून नेल्या. तिथल्या एखाद्या शाळेच्या दप्तरात तुमचं नाव सापडेलच असं नाही. परीक्षेचे निकाल मात्र सीएक्ससीकडे असतात आणि तिथून अधिकृत प्रत मागवता येते. ती यायला वेळ लागतो, म्हणून नाव निघण्याची वाट न पाहता मागवून ठेवावी. ओ-लेव्हलसाठी ज्या ब्रिटिश मंडळाची परीक्षा दिली त्याच्याकडे किंवा आपल्या देशाच्या शिक्षण खात्याच्या परीक्षा विभागाकडे चौकशी करा.

नावांकडेही लक्ष द्या. तिकडच्या भारतीय वंशाच्या घरांत जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं आणि घरात तिसरं असणं फार साधारण. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर वेगळं सांगायला नको. सर्टिफिकेटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर विवाहनोंदणीचा दाखला, नाव बदलल्याचा दस्तऐवज किंवा प्रतिज्ञापत्र त्याच फाइलमध्ये हवं.

मुलाखत

पूर्व कॅरिबियनमधल्या छोट्या बेटांवरच्या लोकांची मुलाखत बार्बाडोसला ब्रिजटाउनच्या दूतावासात होते, म्हणजे विमानभाडं आणि मुक्कामाचा खर्च आलाच. मूळ कागद न्या. रंगीत झेरॉक्स काढून मूळ घरी ठेवू नका. प्रश्न साधे असतात. कोणत्या शाळेत होता, कोणत्या वर्षी पाचवा फॉर्म झाला, किती विषय, आता काय करता. उत्तरं पाठ करण्याची गरज नाही, पण वर्षं चुकू नयेत. कागद कमी आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो बहुधा एक पत्र देऊन राहिलेला कागद मागतो. तिथे पुन्हा ३० सप्टेंबर आठवा.

एखादा ‘ओळखीचा माणूस’ पाच विषयांचं सर्टिफिकेट जुळवून देतो म्हणाला, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. अस्सल निकाल कुणाचे, हे सीएक्ससीच्या नोंदींवरून पडताळता येतं. शिक्षण कमी पडलं तर नकार त्या वर्षापुरता असतो. विषय सोडवून पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करता येतो. खोटा कागद दाखवल्याचं ठरलं तर कायमचा अपात्रतेचा शिक्का बसतो आणि तो फक्त लॉटरीला नाही, पुढे बहिणीने किंवा मुलाने अर्ज केला तरी त्यालाही आडवा येतो.